पालुपदातली शालन

शालन आपली गाणी सुतळीत ठेवायची. द्राक्षबागेत काड्या बांधायला जी सुतळी येते, तिचा हातभर तुकडा तिच्या कमरेला कायम खोचलेला असे. एक कडवं जमलं की एक गाठ, दुसरं जमलं की दुसरी. गाठी सारख्या नसत. एखादी घट्ट आणि बारीक, एखादी सैल, एखादीत द्राक्षाचा वाळका देठ अडकवलेला. गाणं म्हणताना तिचा अंगठा एका गाठीवरून दुसरीवर सरकत जाई. शेवटची गाठ मात्र नेहमी दुहेरी असायची. त्या गाठीत तिचं नाव असे.

मी तिला शालन म्हणते. ती माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, त्यामुळे सुरुवातीला मी 'शालनताई' म्हणत होते. तिनंच थांबवलं. "ताई-बिई लावू नगंस. नाव ल्हान हाय, तेवढंच ऱ्हाऊ दे."

ती माण तालुक्यातली. नवरा मुंबईत गोदीजवळ माल चढवण्या-उतरवण्याच्या कामाला, घरी सासू आणि दोन लेकरं, रान आहे पण पावसावरचं. दिवाळीच्या आसपास गावातल्या बायकांची टोळी जीपमधून तासगावच्या बाजूला उतरायची आणि द्राक्षं निघेपर्यंत तिथंच राहायची. घडांची विरळणी करायची, मग एकेक घड औषधाच्या मगात बुडवायचा, म्हणजे मणी फुगतात. हे सगळं मांडवाखाली, हात डोक्याच्या वर धरून. सकाळी वर गेलेले हात भाकरीपुरते खाली येत.

माझे वडील सांगलीत छोटा छापखाना चालवत. लग्नपत्रिका छापून घर चाले आणि मोर्चांची पत्रकं छापून वडिलांना झोप लागे. मी अक्षरं ओळखायला शिकले ती 'बंधूंनो आणि भगिनींनो' या शब्दांवर. त्यामुळे द्राक्षबागांत बायका उघड्या हातांनी औषधात घड बुडवतात, त्यांच्या बोटांची कातडी निघते आणि हात धुवायला पाणीही मिळत नाही, हे कळल्यावर मी जे करायचं तेच केलं. पत्रक लिहिलं. दोन्ही बाजूंनी भरगच्च. हातमोजे द्या, पाणी द्या, दुपारी सावली द्या.

बागेच्या बांधावर उभी राहून मी ते वाटत होते. बायका घेत होत्या, घडी घालत होत्या आणि चटणी बांधायला ठेवत होत्या. एकटीनं उभ्याउभ्या, ओठ हलवत, दोन्ही बाजूंनी वाचलं. किडकिडीत अंग, डोक्याला उन्हासाठी बांधलेला पुरुषी टॉवेल, बोटांची टोकं पांढुरकी पडलेली.

"कुणी लिवलंय?" तिनं विचारलं.

"मी."

"सगळं खरं हाय. पन वाचताना दम लागतुय. तू लिवताना श्वास घेत न्हाईस व्हय?"

मला राग आला. माझ्या पत्रकाबद्दल आजवर कुणी श्वासाची तक्रार केली नव्हती. मी काही बोलायच्या आत ती औषधाचा मग उचलून मांडवाखाली शिरली. टोळीतल्या रखमानं शेजारची रांग धरली. रखमा म्हणजे टोळीची जीभ. ती मला म्हणाली, "थांब गं पत्रकवाले. हिला काय तरी चावलंय. रांग सपायच्या आत भाईर येतंय बग."

मी बांधाबांधानं रांगेच्या दुसऱ्या टोकाला जाऊन थांबले. आधी नुसतं गुणगुणणं आलं, मग शब्द आले, मग रखमा आणि बाकीच्यांचा आवाज त्यात मिसळला. शालन माझ्यापाशी पोचली तेव्हा माझ्या पत्रकाच्या दोन्ही बाजू तिच्या तोंडात होत्या.

हात वर बाई, हात वर गं,
मांडवाच्या खाली दिसभर गं.

घड बुडविला, घड फुगला गं,
बोटाचा पापुद्रा निघला गं,
द्राक्ष चाललं बोटीवर गं,
हात वर बाई, हात वर गं.

धुवाया पाणी टाकीत न्हाई गं,
भाकर कडू लागती बाई गं,
लेकरू घेऊ कसं मांडीवर गं,
हात वर बाई, हात वर गं.

पुढं आणखी होतं. बागमालक बांधावर येऊन ऐकत उभा होता. पत्रक त्यानं वाचलं नव्हतं, खिशात घातलं होतं. गाणं मात्र त्याला शेवटपर्यंत ऐकावं लागलं, कारण काम थांबलं नव्हतं आणि काम चालू असताना कुणाला गप्प बसवायचा रिवाज तिकडं नाही. चार दिवसांनी त्या बागेत पाण्याची टाकी आणि साबण आला. हातमोजे यायला पुढचा हंगाम लागला.

रांग हेच तिचं माप होतं. रांगेच्या तोंडाशी पालुपद धरायचं आणि रांग संपताना शेवटचं कडवं पुरं करायचं. लांब रांगेच्या बागेत लांब गाणी, आखूड रांगेच्या बागेत आखूड. एखाद्या बागेचं नाव निघालं की ती म्हणे, "तितं लय चांगलं गाणं बसतंय. सात कडवी आरामात." मालकाला आपल्या बागेची अशी ख्याती आहे हे ठाऊकही नसे.

पण शालनचं पहिलं नाव झालं ते उखाण्यांत. म्हणजे नाव झालं असं म्हणवत नाही, तिथंच तर सगळी गोम होती. गावात लग्न ठरलं की नवरी आईबरोबर तिच्याकडं यायची. शालन तिला तीन गोष्टी विचारायची: तुला काय आवडतं, तुला कशाचं भ्या वाटतं, आणि नवऱ्याचं नाव काय. एका नवरीनं दुसऱ्या प्रश्नावर रडायलाच सुरुवात केली. तिला ते स्थळ नको होतं. शालन आईला काही बोलली नाही. उखाणा मात्र दिला, आणि त्या पोरीनं तो भर मांडवात जसाच्या तसा घेतला:

पितळी ताटाला चांदीची कड,
सुरेशरावांचं नाव घेते, आईची बघवंना रड.

सगळा मांडव हसला. आई हसली नाही. पाच परतवणीला मुलगी माहेरी आली तेव्हा त्या माउलीनं पहिल्यांदा तिला नीट विचारलं म्हणे, की बाई, तुझं चाललंय कसं.

असे निम्म्या गावच्या बायकांच्या तोंडात शालनचे उखाणे होते. त्यांत प्रत्येकीच्या नवऱ्याचं नाव होतं. करणारीचं कुठंच नव्हतं. मी एकदा हे बोलून दाखवलं, तर ती सुतळी चाचपत म्हणाली, "म्हून तर गाण्याकडं आली मी. गाण्यात शेवटाला नाव घ्याया मिळतंय."

हा नियम तिच्या चुलत्याचा. तात्या जत्रेत तुणतुण्यावर गायचे. बायकांना त्या मेळ्यात बसायची मुभा नव्हती, म्हणून लहानपणी शालन मेंढरांच्या वाड्यामागं बसून ऐकायची. तात्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी तिला हाकललं नाही. फक्त पाठमोरं बसून जरा मोठ्यानं गायला लागले. हात थरथरायला लागल्यावर तुणतुणं तिला दिलं आणि तीनच गोष्टी सांगितल्या. तार उन्हात ठेवू नको. दुसऱ्याचं गाणं आपलं म्हणू नको. आणि नाव शेवटी घे. आधी गाणं, मग गाणारा. नाव आधी सांगितलं की गाणं उतरतं. शालननं हे तिन्ही नियम देवाच्या अंगाऱ्यासारखे सांभाळले. 'हात वर'च्या गाण्याचं शेवटचं कडवं असं होतं:

बापाचं घेतलं, धन्याचं घेतलं नाव गं,
इचारील त्याला सांगितलं गाव गं,
आज घेते माझं, शालन मी तर गं,
हात वर बाई, हात वर गं.

बागेत मोबाइलवर मी ते गाणं टिपलं होतं. ते फिरत फिरत सांगलीतल्या एका स्टुडिओवाल्यांपर्यंत गेलं. गावरान गाण्यांचं त्यांचं चॅनेल होतं. त्यांनी मला फोन केला, मी शालनला घेऊन गेले. मोबाइलच्या दुकानावरची खोली, भिंतींना काळा स्पंज, एक कीबोर्ड आणि त्यामागं सर. सगळे त्यांना सरच म्हणत. तरुण होते, बोलायला गोड.

"ताई, कुठल्या पट्टीत गाणार?" सरांनी विचारलं.

शालननं खताच्या पोत्यातून तुणतुणं काढलं, तारेवर बोट मारलं आणि जरा ऐकलं. "आज हितनं."

"आज म्हणजे? उद्या वेगळी असते?"

"आवाज रोज कुठनं उठतुय ते मला इचारून ठरत न्हाई, सर. तुमी तुमचं मशीन हिला लावून घ्या. ही तुमच्या मशीनला लागायची न्हाई."

सर हसले आणि खरंच त्यांनी कीबोर्ड तिच्या तारेला जुळवून घेतला. त्या दिवशी मला ते भले वाटले होते. गाणं सलग सहा मिनिटं चाललं. मग त्यांनी एक कागद पुढं केला. गायिकेचं नाव, गीतकाराचं नाव, संगीतकाराचं नाव, खाली सही. शालननं वरच्या तिन्ही जागा मोकळ्या सोडल्या आणि फक्त खाली सही केली.

"नाव लिहा की ताई."

"शेवटच्या कडव्यात आलंय की. आधी लिवलं की गाणं उतरतंय."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी काय करायला हवं होतं? आयुष्यभर मी कामगारांना सांगत आले की कोऱ्या जागेखाली सही करू नका. कागदाच्या तळाशी 'आवश्यक ते संपादन' असे शब्द होते, तेही मी वाचले होते. पण त्या क्षणी मला तिचा अभिमान वाटला. वाटलं, केवढा मोठा रिवाज आहे हा, आणि ही तो कशी पाळते. मी हसून मान हलवली. ती मान हलवणं मी अजून विसरलेले नाही.

महिन्याभरानं, मी तिथं नसताना, भाकरीच्या वेळी रखमा फोन नाचवत आली. "शालने, तू आलीस गं मोबाइलात." सगळी टोळी फोनभोवती जमली. पोपटी नऊवारी नेसलेली एक गोरी पोरगी प्लॅस्टिकच्या घडांखाली हात वर करून डोलत होती. नखांना रंग. तोंडातून आवाज शालनचा. दोन कडवी झाली, ढोलकी वाजली आणि पडदा काळा झाला.

"आन् म्होरं?" शालन म्हणाली.

"सपलं."

"सपलं कुठं. माझी रांग अर्ध्यात सोडली." तिनं फोन हातात घेऊन खालची अक्षरं वाचली. स्वर म्हणून चॅनेलच्या समूहाचं नाव होतं. गीत म्हणून एक शब्द होता. तिनं तिथूनच मला फोन लावला. "पत्रकवाले, पारंपरिक म्हंजी काय गं?"

मला कळलं होतं. तरी तिनं विचारलं तेवढंच सांगितलं. "खूप जुनं. कुणी केलं ते माहीत नसलेलं."

 मग ती म्हणाली, "मी जित्ती हाय की."

दुसऱ्या दिवशी आम्ही सरांसमोर बसलो. त्यांनी चहा मागवला. ते अजिबात चिडले नाहीत, हेच जास्त त्रासाचं होतं. "ताई, पारंपरिक म्हटलं की लोक मान देतात. कुणा एकीचं गाणं म्हटलं की म्हणतात, ही कोण? आणि तीन मिनिटांच्या वर आज कोणी थांबत नाही. म्हणून शेवट काढला. पुढच्या गाण्याला नाव घालू, शब्द देतो. याला आता लोकांनी पारंपरिक म्हणून स्वीकारलंय."

"तुमची रांग लय आखूड हाय, सर," शालन म्हणाली.

मी मात्र भडकले होते. चोरी, लूट, शोषण, माझ्याकडचे सगळे शब्द मी त्या स्पंजच्या खोलीत ओतले. स्पंजानं ते गिळले. सरांनी कपाट उघडून तो कागद दाखवला: वर कोऱ्या जागा, खाली तिची सही. शालननं आपला कप उचलून बेसिनपाशी नेला, विसळला, पालथा घातला. दारातून वळून म्हणाली, "मी आता यायची न्हाई. तुमीच याल."

त्या दिवशी मी अकरा परिच्छेदांचं पत्रक लिहिलं. तिनं ते नेहमीसारखं ओठ हलवत पूर्ण वाचलं. "बरूबर लिवलंयस. पन कागदाला ते कागूद दावत्यात. त्या कागदावर माझी सही हाय, म्हंजी तितं मी हरलीच." मग म्हणाली, "उद्या दहिवडीची गाडी धरायची. तात्याला इचारल्याबिगर मला काय करता यायचं न्हाई."

तात्या घराच्या पुढ्यात घोंगडं टाकून बसले होते. डोळ्यांत मोतीबिंदू, कान मात्र तिखट. शालननं सगळं सांगितलं. मला वाटलं म्हातारा सरांना शिव्या घालेल. त्यांनी एवढंच विचारलं, "कुठं कापलं?"

"नावाच्या आधी."

"हं." ते बराच वेळ कंबरेची चंची चाचपत राहिले. "तवा लोकं रात धरून बसायची गं. शेवटाला नाव आलं की तितंच फेटं उडायचं. नाव शेवटी ठेवायचं कारन शेवटपातूर मानसं असायची." पान जुळवत ते थांबले. "आता कवा उटत्यात?"

"तीन मिन्टात, म्हंत्यात."

"मग मागच्या खोलीत नाव ठिवून काय करतीस? दारात टांग की."

"तात्या, नाव आधी घेतलं तर गाणं उतरतंय, तुमीच म्हनला हुता."

"म्हनलो हुतो. तवा नाव कापनारी मानसं न्हवती. नेम मानसासाटी असतुय, पोरी. मानसं बदलली आन् नेम तसाच ठिवला तर तू माझ्याकडनं शिकलीस काय?" मग माझ्या दिशेला तोंड करून म्हणाले, "ही कोन? लय जोरात श्वास घेती."

 परतीच्या एसटीत खिडकीपाशी बसून शालन सुतळीची शेवटची दुहेरी गाठ दातांनी सोडवत होती. ती गाठ जुनी, घामानं घट्ट झालेली. दहिवडी मागं पडून तास झाला तरी सुटेना. मी हात पुढं केला तर तिनं ढकलला. शेवटी सुटली. सुतळी तिथं पांढरी आणि वाकडी राहिली होती. मग तिनं दुसरं टोक धरलं, जिथं पालुपदाची गाठ होती, आणि तिला लागूनच नवी दुहेरी गाठ मारली. तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं:

शालन म्हणती, हात वर गं,
मांडवाच्या खाली दिसभर गं.

"शेवटचं कडवं कापता येतंय," ती म्हणाली. "पालुपद कापलं तर ऱ्हातंय काय?"

त्या हंगामात तिनं जे केलं त्याला मी मोहीम म्हणेन. ती 'फिरणं' म्हणायची. बागेला फवारणी असली की त्या दिवशी टोळीला सुट्टी असते. बाकीच्या बायका कपडे धुवायच्या, झोपायच्या. शालन टॉवेल बांधून दुसऱ्या बागेतल्या दुसऱ्या टोळीकडं निघायची, पायी. कुणी माणातली, कुणी जतकडची, काही कानडी बोलणाऱ्या. गाणं त्या सगळ्यांना फोनमुळं ठाऊक होतं. ती फक्त पालुपद बदलून द्यायची आणि बदललेलं तोंडात बसेपर्यंत उठायची नाही. शिकवायला ती कडक होती. एका बाईनं कौतुकानं मधेच मुरकी घेतली तर शालननं तिला टाकीवर बसवून दहा वेळा साधं म्हणायला लावलं. "नाचाया न्हवं, कामाला हाय हे. कडवी इसरलीस तर चालंल. पालुपद चुकलीस तर माझ्याशी गाठ हाय."

रखमा तिला चिडवायची. "नवऱ्याचं नाव घ्याया लाजत हुतीस. आता सोताचं नाव गावभर वाटत हिंडतीया." आणि नवरा फोनवर म्हणाला होता, "माझं नाव कंच्या कडव्यात हाय?" शालननं त्याला सांगितलं, "तुमचं उखाण्यात. त्ये कुनी कापत न्हाई."

निवडणुकीच्या तोंडावर एका पुढाऱ्याची माणसं जीप घेऊन आली. चाल तीच ठेवा, पालुपदात फक्त साहेबांचं नाव घाला. शालन औषधाचा मग पुसत म्हणाली, "जागा भरलीया." ते समजले नाहीत. ती पुन्हा तेच म्हणाली आणि रांगेत शिरली.

मग साताऱ्याचा मेळावा आला. बचत गटांचा, भर दुपारी, मोठ्या मैदानात. पापड-लोणच्यांच्या मांडण्या, मंडप, आणि करमणुकीला त्याच चॅनेलचा संच. द्राक्षं नुकतीच निघाली होती, टोळ्या गावाकडं परतत होत्या, आणि जीपवाल्यांना मेळाव्याची भाडी मिळाल्यामुळं निम्म्या टोळ्या तिथंच उतरल्या. शालन मागच्या बाजूला सतरंजीवर बसली होती, मांडीवर खताचं पोतं. मी संयोजक बाईंना गाठून सगळं सांगायला निघाले, तर तिनं माझं मनगट धरलं. "बस. आता तू काय बी करू नगंस." तिचा हात गार होता. तोवर मला वाटत होतं की तिला भीती वाटतच नाही.

स्टेजवरच्या मुलीनं जाहीर केलं, आता आपल्या मातीतलं एक पारंपरिक गीत. ढोलकी सुरू झाली.

"हात वर बाई, हात वर गं," ती गायली.

मागून, जरा विस्कळीत, आवाज आला: "शालन म्हणती, हात वर गं."

मुलीला वाटलं लोक रंगलेत. ती हसली, पहिलं कडवं म्हणाली. दुसऱ्या वेळी पालुपद मंडपाच्या मधूनही आलं. तिसऱ्या वेळी तिनं, हल्ली गायक करतात तसं, माइक आमच्याकडं धरला, आणि त्या माइकनं 'शालन म्हणती' साऱ्या मैदानावर नेलं, लोणच्यांच्या मांडण्यांपर्यंत आणि बाहेर रस्त्यावर. ढोलकीवाला थांबला. मुलीनं माइक परत तोंडाशी नेला. ती मुलगी वाईट नव्हती. तिनं सरळ विचारलं, "शालन कोण?"

सरावानं म्हणा, गाण्याच्या ओघात म्हणा, सगळ्या टोळ्यांचे हात वर गेले. मग एकेक बोट मागं वळलं.

शालन उठली. पोत्यातून तुणतुणं काढलं, पोतं घडी करून माझ्याकडं दिलं. स्टेजवर गेल्यावर तिनं तार लावायला इतका वेळ घेतला की संयोजक बाई घड्याळ बघायला लागल्या. मग ती गायली, सगळी कडवी, शेवटच्यासकट. कुणी उठलं नाही. पुढच्या खुर्च्यांवरचे पाहुणेसुद्धा नाही, पण त्यांचं मला कौतुक नाही, त्यांना उठायला जागाच नव्हती. बायका स्टेजपर्यंत सरकल्या होत्या.

आठ दिवसांनी सर माणात आले, तिच्या घरी. चहा या वेळी शालननं केला. सरांनी नवा कागद आणला होता. पूर्ण गाणं परत चढवणार, 'पारंपरिक' काढणार, गीत आणि स्वर, दोन्हीकडं तिचं नाव. शालननं वरची प्रत्येक जागा आपल्या हातानं भरली, मग खाली सही केली.

"आडनाव?" सरांनी विचारलं.

"ते पालुपदात बसत न्हाई. म्होरं माण लिवा."

त्यानंतर तिची आणखी गाणी झाली. सांगलीला बोलावणी येतात, साताऱ्याला येतात, एकदा वाईच्या एका शाळेनंही बोलावलं. पण हंगामात ती अजून टोळीबरोबर तासगावलाच असते. मांडवाखाली गेल्याशिवाय गाणं बसत नाही म्हणते.

गेल्या डिसेंबरात मी तिला भेटायला गेले होते. दुपारी ती मला गाडीपर्यंत सोडायला आली. फाट्यावर आम्ही उभ्या होतो, शेजारी एक अनोळखी बाग. आतून गाणं ऐकू आलं. मी हसले. मग नीट ऐकलं.

कमल म्हणती, हात वर गं,
मांडवाच्या खाली दिसभर गं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. एवढं सगळं करून पुन्हा तेच. मी पिशवी खांद्यावर मारून बांधाकडं निघाले. "थांब, सांगते मी हिला. कोण आहे ही कमल?"

"कुणास ठाऊक," शालन म्हणाली. ती मान तिरकी करून ऐकत होती. चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. आतल्या बायका पहिलं कडवं संपवून पुन्हा पालुपदावर आल्या. कमल आता जरा जोरात होती.

"काय सांगशील तिला?" शालननं विचारलं.

"की हे नाव तिचं नाही. गाणं तुझं आहे."

"गाणं माझं हाय ते कागदावर हाय. फोनात हाय. आन् तिला बी ठावं असंल." ती पुन्हा ऐकू लागली. "नाव तर तिनं कुनाचं पुसल्यालं न्हाई. सोताचं घेतलंय. बापाचं न्हाई, धन्याचं न्हाई."

मी पिशवी खांद्यावरून खाली घेतली. समोरून गाडी येताना दिसत होती. शालनच्या कपाळाला मात्र आठी पडली.

"पन दुसऱ्या कडव्याला चाल चुकतीया. 'मांडीवर'ला वर चढतीया येडी. तितं खाली यायचं." असं म्हणून तिनं डोक्याचा टॉवेल आवळला, कमरेची सुतळी चाचपली आणि माझा निरोप न घेताच बांध ओलांडला. वाकून मांडवाखाली शिरताना तिची पाठ मला दिसली, तेवढीच.

मी गाडीत चढले. खिडकीतून मांडवाखाली नुसते वर गेलेले हात दिसत होते, निळे मोजे घातलेले. त्यांत दोन हात उघडे होते. गाणं मधेच थांबलं, कुणीतरी हसलं, पुन्हा सुरू झालं. दुसरं कडवं आलं आणि 'मांडीवर'ला अलगद खाली उतरलं. मग पालुपद आलं, आणि त्यात तो आवाज मी ओळखला. शालन बाकीच्यांच्या बरोबरीनं, नेहमीच्या तिच्या ठाम सुरात, 'कमल म्हणती' गात होती.